स्वस्त गिटारीचं पूर्ण सेटअप: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५: हात लावण्याआधीची मापं

गिटार इलेक्ट्रिक, एस-प्रकारची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची), सगळ्यात खालच्या किमतीच्या वर्गातली. मेपलचा नेक चार स्क्रूंनी जोडलेला, फ्रेटबोर्ड लॉरेलची म्हणजे ऐनाच्या लाकडाची, २२ फ्रेट्स (तार दाबायच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), तीन सिंगल कॉइल पिकअप (एकाच गुंडाळीचे, तारेचं कंपन टिपणारे), सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांड्याने हलवून सूर उतरवता येणारा ब्रिज). बॉडी पॉपलरची, जाडी ४० मिमी.

नटाच्या (खुंट्यांकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत ३२४ मिमी, म्हणजे स्केल (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) ६४८ मिमी. पहिली फ्रेट ३६.४, पाचवी १६२.५, सातवी २१५.५, सतरावी ४०५.३. हिशेबाने हेच आकडे यायला हवेत (उरलेली लांबी भागिले १७.८१७, की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं), आणि पोलादी पट्टीवर कुठेही पाव मिमीपेक्षा जास्त फरक दिसत नाही. खाचा पाडणारं यंत्र संगणकावर चालतं. ते स्वस्त आणि महाग यांत भेद करत नाही. स्वस्त गिटार अनपेक्षितपणे चांगली निघते ती यामुळे. कारखाना पैसे वाचवतो ते शेवटच्या हातकामात: फ्रेट्स सारख्या करणं, नट कोरणं, जुळवणी. तेवढं काम नंतर करता येतं. चुकीच्या जागी पाडलेली खाच मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

म्हणून कामाला घेण्याआधी चार गोष्टी तपासायच्या. नेक पिळलेला नाही ना, हे बॉडीच्या टोकाकडून डोळा लावून बघायचं. नट आणि शेवटची फ्रेट एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याची कमान बदलणारी सळई) दोन्ही दिशांना पाव फेरा फिरवून नेकची कमान खरोखर बदलते का, हे मोजायचं. दोन्ही ई तारा (कडेच्या दोन, जाड आणि बारीक) फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर नेकचे स्क्रू ढिले करून नेक थोडा सरकवून बघायचा. चौथी गोष्ट ब्रिजची जागा: बारक्या ईचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) ६४८ मिमीवर आणता आलं पाहिजे आणि जाड ईचं त्यामागे ३ ते ५ मिमी जाऊ शकलं पाहिजे. पिळलेला नेक किंवा मेलेला ट्रस रॉड असेल तर गिटार तिथेच सोडून द्यावी. बाकी सगळं हाताने सुटतं.

आजची बाकी मापं: पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर फट, म्हणजे नेकची कमान, ०.४५ मिमी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड ई २.८, बारीक ई २.३ मिमी, आणि सॅडलं आधीच तळाला टेकलेली. जाड ई तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर ०.५ मिमी फट, म्हणजे नट फारच उंच. पहिल्या फ्रेटवरचा एफ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून मल्टिमीटरवर पिकअप ५.७, ५.८ आणि ५.९ किलोओहम. (व्हॉल्यूम पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रोध, समांतर येत असल्याने हे वाचन खऱ्यापेक्षा किंचित कमी असतं. चालेल.)

४ फेब्रुवारी: लाकडाबद्दल

पॉपलर, बासवुड, पॉलोनिया, प्लायवूड यांवरून गिटार नाकारू नये. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीने १९५० च्या दशकात ज्या गिटारी काढल्या त्यांतल्या बऱ्याच जणींची बॉडी पॉपलरच्या चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून केलेली होती आणि पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेले होते. त्या खालच्या किमतीला विकल्या गेल्या, आणि लेड झेपेलिनच्या जिमी पेजने त्यांतली एक मोठ्या मंचांवर वाजवली. मऊ लाकडाचा खरा तोटा आवाजात नाही, स्क्रूंच्या भोकांत आहे: पॉलोनियात ट्रेमोलोचे स्क्रू आणि पट्ट्याची बटणं लवकर ढिली होतात. भोकात पातळ सुपरग्लूचे दोन थेंब टाकून पूर्ण वाळू द्यायचे, मगच स्क्रू परत बसवायचा.

बोल्टने जोडलेला नेक ही १९५० च्या सुमाराची फेंडरची रचना. ती मुळातच कारखान्यात पटापट जोडता यावी, बिघडला तर नेक बदलता यावा म्हणून केलेली. या प्रकारच्या स्वस्त गिटारी इतक्या जमून येतात त्याचं हेही कारण: इथे स्वस्तात करण्यासाठी रचनेला मुरड घालावी लागत नाही. चिकटवलेल्या नेकचा कोन स्वस्तात साधणं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

८ फेब्रुवारी: नेक आणि पाचर

नेक उतरवला. बॉडीतल्या भोकांत स्क्रूचे आटे धरत होते. ही स्वस्त गिटारीतली नेहमीची उणीव, आणि ती दिसत नाही म्हणून राहून जाते. आटे बॉडीतही धरले आणि नेकमध्येही, तर स्क्रू कितीही आवळला तरी दोघांमधली फट बंद होत नाही. बॉडीची भोकं ४.५ मिमीच्या बिटने मोकळी केली. स्क्रूने आता फक्त नेकच ओढायचा. नेक बसतो त्या खोबणीतली रंगाची गुठळी पात्याने खरवडून काढली. स्क्रूच्या आट्यांना कोरडा साबण लावला.

सॅडलं तळाला टेकूनही तारा उंच, म्हणजे नेकला मागे कल द्यायला हवा. खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला पाचर हवी. किती जाड, ते हिशेबाने निघतं: खोबणीची लांबी ७६ मिमी, तिच्या पुढच्या कडेपासून ब्रिजपर्यंत सुमारे २५७ मिमी. ०.५ मिमीची पाचर घातली तर ब्रिजपाशी फरक ०.५ × २५७ ÷ ७६, म्हणजे १.७ मिमी. तेवढी सॅडलं वर उचलता येतील. आपल्याला तेवढंच पुरे.

पाचर एका टोकाला ०.५ मिमी आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येणारी, पूर्ण खोबणीभर, मेपलच्या पातळ पापुद्र्यातून घासून केली. पुठ्ठ्याचा तुकडा एका टोकाला ठेवूनही गिटार वाजते, पण मध्ये पोकळी राहते. काही महिन्यांत नेकचं शेवटचं टोक वर वाकू शकतं आणि मग सोळाव्या फ्रेटपुढे तारा घासू लागतात.

९ फेब्रुवारी: फ्रेट्स

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गिटारीचा दर्जा हाताला जाणवतो तो इथे.

ट्रस रॉड ढिला करून नेक पट्टीखाली पूर्ण सरळ आणला. तीन फ्रेट्सवर एकदम बसेल एवढी छोटी सरळ पट्टी पुढे सरकवत गेलं की मधली फ्रेट उंच असेल तिथे पट्टी डुलते. नववी, चौदावी आणि सतरावी डुलल्या. उंच फ्रेट लगेच घासायची नाही. आधी ती बोटाने दाबून बघायची: चौदावी दाबली की खाली जात होती, म्हणजे खाचेतून सुटलेली. तिच्या टोकाशी पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्प, रात्रभर तसंच. सुटलेली फ्रेट तशीच घासून सारखी केली तर ती घासताना खाली दबते आणि वाजवताना पुन्हा वर येते; सगळं काम वाया.

लेव्हलिंग: प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची रेघ, फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप. सरळ ॲल्युमिनियमच्या दांडीला ४०० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून नेकच्या लांबीने, तारांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायची. शाई सगळ्या फ्रेट्सवरून निघाली की थांबायचं. दाब दांडीच्या वजनाएवढाच. जोर दिला की नेक वाकतो आणि मधल्या फ्रेट्स कमी घासल्या जातात. फ्रेटची उंची १.०५ वरून ०.९५ मिमीवर आली. ०.८ च्या खाली गेली की बेंड करताना (तार बाजूला ताणून सूर चढवताना) बोट तारेखालून निसटायला लागतं, म्हणून हात आखडता ठेवावा.

आता माथे सपाट झालेत. सपाट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही, सूर बिघडतो आणि तार किणकिणते. पुन्हा मार्कर लावून गोलाई देणाऱ्या कानशीने दोन्ही बाजू उतरवत आणायच्या. माथ्यावर शाईची केसाएवढी रेघ उरली की ती फ्रेट झाली. ही रेघ पुसली गेली तर ती फ्रेट खाली गेली असं समजून लेव्हलिंग पुन्हा. नंतर ६००, ८००, १२००, २००० नंबरचे कागद क्रमाने, शेवटी ०००० स्टील वूल. नेक बॉडीपासून सुटा आहे म्हणून स्टील वूल चालतं. पिकअप जवळ असतील तर लोखंडी भुकटी चुंबकांना चिकटते आणि पुन्हा निघता निघत नाही; तेव्हा पिकअप टेपने बंद करायचे.

टोकं: फ्रेटबोर्डचं लाकूड कोरडं पडून आकसलं की फ्रेट्सची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात ओरबाडतात. कानस सुमारे ३५ अंशांच्या कोनात धरून सगळी टोकं एका रेषेत, मग कोपरे एकेक करून तीनधारी कानशीने गोल. कोपरे गोल करणं बहुधा हातानेच होतं, आणि महाग गिटारीचा नेक हातात मऊ लागतो तो याच घासणीमुळे. हे घाईने करू नये. काम संपल्यावर फ्रेटबोर्डला खनिज तेलाचे काही थेंब, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून. नेकच्या पाठीची चकचकीत वार्निश ६०० नंबरने घासून तिची चकाकी घालवली, अंगठा सरकतो.

१५ फेब्रुवारी: नट

मूळ नट पोकळ प्लास्टिकचा, ४२ मिमी रुंद. मागून हलकी थाप देऊन काढला आणि हाडाचा नट बसवला, जाडी ३.२ मिमी. तळाशी पांढऱ्या गोंदाचे दोनच ठिपके, पुढे कधी काढायचा झाला तर निघावा म्हणून.

खाचा १०-४६ च्या संचाप्रमाणे: ०.०१०, ०.०१३, ०.०१७, ०.०२६, ०.०३६, ०.०४६ इंच. प्रत्येक खाच तारेपेक्षा एक-दोन हजारांश इंच रुंद, आणि उतार खुंट्यांकडे. तारेचा सूर नटाच्या पुढच्या कडेवरच सुटला पाहिजे. खाचेचा तळ सपाट पडला किंवा उलटा उतरला तर उघडी तार सतारीसारखी जवारी काढते, तीच तार फ्रेटवर मात्र स्वच्छ वाजते. एवढ्यावरून दोष नटात आहे हे कळतं.

खोली: तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबून पहिल्या फ्रेटवर साध्या कागदाच्या जाडीची फट, म्हणजे ०.१ मिमी किंवा थोडी कमी. कानशीचे दोन फेरे, तार बसवून मोजणी, पुन्हा दोन फेरे. खाली गेलेली खाच सुपरग्लू आणि खाण्याच्या सोड्याने भरून पुन्हा कोरता येते, पण ते ठिगळच. खाचांत पेन्सिलीचं शिसं. आता पहिल्या फ्रेटवरचा एफ फक्त ३ सेंट चढा.

खुंट्या बदलल्या नाहीत. सूर टिकत नाही म्हटलं की लोक आधी खुंट्या विकत घेतात, पण दोष बहुतेक वेळा नटात असतो. पारख अशी: जोरदार बेंडनंतर तार उतरलेली राहते, किंवा ट्रेमोलो खाली दाबून सोडल्यावर तार चढलेली राहते, तर ती खाचेत अडकते आहे. नटामागे बोटाने तार दाबल्यावर सूर जागेवर येत असेल तर शंकाच नको. खुंट्यांच्या पुढच्या नळ्या आणि मागचे छोटे स्क्रू तेवढे आवळले, दोन ढिले होते.

१६ फेब्रुवारी: ट्रेमोलो

सहा स्क्रूंपैकी कडेचे दोन पूर्ण बसवले, मधले चार सुमारे १ मिमी वर ठेवले. सहाही घट्ट असतील तर ब्रिजची पट्टी अडते आणि परत त्याच जागी येत नाही. तीन स्प्रिंगा, मागचा पंजा (स्प्रिंगा अडकवलेली पट्टी) आवळून ब्रिज बॉडीवर सपाट टेकवला. वर ओढून सूर चढवायचा असेल तर मागची कड ३ मिमी वर तरंगती ठेवावी लागते, पण मग एक तार तुटली की बाकीच्या पाचही बिघडतात.

ब्रिजखालचा ठोकळा हलक्या जस्ती मिश्रधातूचा, लहान. बदलायचा झाला तर आधी तीन मापं घ्यावीत: दोन ई तारांमधलं अंतर (इथे ५२.५ मिमी, बाजारात ५४ आणि ५६ चेही येतात), वरच्या स्क्रूंच्या जागा, आणि बॉडीची जाडी. पूर्ण लांबीचा ठोकळा ४० मिमीच्या बॉडीतून मागे बाहेर येतो आणि मागचं झाकण बसत नाही.

२२ फेब्रुवारी: पिकअप

होकायंत्र तिन्ही पिकअपवर धरलं, सुईचं एकच टोक तिन्हीकडे ओढलं गेलं. म्हणजे मधला पिकअप उलट्या ध्रुवाचा नाही, आणि स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या स्थानावर (जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात) गुणगुण कमी होणार नाही. यासाठी नवीन पिकअप घ्यायची गरज नाही. स्वस्त सिरॅमिक पिकअपमध्ये सहा पोलादी खिळ्यांखाली एकच चुंबकपट्टी चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून पट्टी काढली, पालथी घालून पुन्हा चिकटवली: ध्रुव उलटले. मग त्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली. चुंबक उलटल्याने तारेचा सिग्नल उलटतो आणि वायरी बदलल्याने तो पुन्हा सुलट होतो. बाहेरून येणारी गुणगुण मात्र फक्त वायरींमुळे उलटते, आणि दुसऱ्या पिकअपबरोबर जोडली की कापली जाते. एकच बदल केला तर दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. महाग गिटारींतल्या अल्निको (एक चुंबकी मिश्रधातू) सळ्यांच्या पिकअपवर हा इलाज घरी होत नाही, तिथे सळ्या पुन्हा चुंबकित कराव्या लागतात. पट्टी काढताना पातं गुंडाळीकडे जाऊ देऊ नये. तिची तार जेमतेम ०.०६ मिमीची असते आणि एक फेरा तुटला की पिकअप गेला.

मेण: पिकअपवर नखाने टकटक केल्यावर ॲम्पमधून मोठा आवाज आला, म्हणजे गुंडाळी ढिली आहे आणि मोठ्या आवाजात ती किंचाळणार. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, ६५ अंश सेल्सियस. थेट आचेवर कधीच नाही, मेणाची वाफ पेटते. ७० च्या वर प्लास्टिकची रीळ वाकडी होते. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण १०-१५ मिनिटं. चुंबक उलटायचा असेल तर तो मेणाच्या आधी. मेण लागल्यावर गोंद धरत नाही.

२३ फेब्रुवारी: वायरिंग

पॉटवर बी-५०० के छापलेलं. सिंगल कॉइलला ५०० किलोओहम म्हणजे आवाज टोचरा. नवीन पॉट घेण्याआधी व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या टोकांवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर क्लिपने लावून ऐकला. एकूण सुमारे २४२ किलोओहम होतात. फरक लगेच कळला, आवाजाची कड बसली. म्हणून २५० किलोओहमचे ए-प्रकारचे पॉट घातले. बी-प्रकारात व्हॉल्यूम १० पासून ३ पर्यंत जेमतेम उतरतो आणि मग एकदम पडतो. व्हॉल्यूम कमी केल्यावर वरचे सूर हरवू नयेत म्हणून १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर, पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये. टोनचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून ०.०२२ चा.

जॅक बदलला. मूळचा पातळ पत्र्याचा, केबल हलली की खरखर. पाच स्थानांचा स्विच बंद डबीचा असला तरी ठीक चालतो, काँटॅक्ट क्लीनर पुरला.

बॉडीच्या पोकळीत आणि पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या वरच्या पत्र्याच्या) पाठीला तांब्याची टेप, सांध्यांवर सोल्डरचा थेंब, कारण टेपच्या गोंदावर भरवसा नको. ॲल्युमिनियमच्या फॉइलला सोल्डर धरत नाही. टेप जॅकच्या किंवा स्विचच्या गरम (सिग्नल नेणाऱ्या) टोकाला लागली तर गिटार मुकी होते. तिथे इन्सुलेशन टेप. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश, पॉटच्या पाठीवर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. ब्रिजपासून जॅकच्या ग्राउंडच्या टोकापर्यंत रोध १ ओहमपेक्षा कमी. तांब्याने टिपेची भणभण जाते. सिंगल कॉइलची मूळ गुणगुण चुंबकीय आहे, ती तांब्याने जात नाही. तिच्यासाठीच कालचं चुंबकाचं काम.

१ मार्च: तारा आणि जुळवणी

१०-४६ चा संच, प्रत्येक खुंटीवर दोन-तीन वळसे. सुरात आणल्यावर नेकचे चारही स्क्रू पाव फेरा ढिले केले. तारांच्या ताणाने नेक खोबणीत मागे सरकून बसतो, क्वचित बारीक टक असा आवाज येतो. पुन्हा आवळले, पुन्हा सूर.

क्रम मोडायचा नाही: आधी कमान, मग उंची, मग पिकअप, शेवटी इंटोनेशन (सॅडल पुढेमागे करून फ्रेट्सवरचे सूर जुळवणं). कमान आठव्या फ्रेटवर ०.२५ मिमी. फ्रेटबोर्डची गोलाई साडेनऊ इंच म्हणजे २४१ मिमी. तारांचं अंतर ५२.५ मिमी असताना ए आणि बी तारा दोन ईंच्या रेषेपेक्षा ०.९ मिमी वर, डी आणि जी १.४ मिमी वर हव्यात. बाराव्या फ्रेटवर जाड ई १.९, बारीक ई १.५ मिमी. बारीक ईवर पंधराव्या फ्रेटपुढे पूर्ण सुराचा बेंड करून बघायचा. तार मध्येच दम सोडत असेल तर सॅडल ०.२ मिमी वर. इथे गरज पडली नाही.

पिकअप: शेवटची फ्रेट दाबून जाड ईखाली २.४, बारीक ईखाली २.० मिमी. फार वर आणले की तार नीट घुमत नाही आणि वरच्या फ्रेट्सवर सूर डळमळतो. हार्मोनिकपेक्षा (तारेला तिथे नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. पिकअप जवळ असताना इंटोनेशन कधीच जुळत नाही, म्हणून ते शेवटी.

सहाही तारा बाराव्या फ्रेटवर २ सेंटच्या आत. दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर गुणगुण ऐकू येत नाही. चौथ्या स्थानावरचा स्वच्छ आवाज गोल आणि खणखणीत आहे, आणि तो याच सिरॅमिक पिकअपचा आहे. ते बदलण्याचं काही कारण उरलेलं नाही.

१५ मार्च: दुसरी मोजणी

कमान ०.२५ वरून ०.३२ मिमीवर गेली. नवीन तारा आणि पाचर बसल्यावर एवढी हालचाल होते. ट्रस रॉड पाव फेऱ्यापेक्षा कमी आवळून जागेवर आणली. उंची आपोआप जुळली, सॅडलं हलवावी लागली नाहीत. फ्रेट्सची टोकं बोटाला लागत नाहीत. चौदाव्या फ्रेटवर छोटी पट्टी डुलत नाही, गोंद धरून आहे. हवा कोरडी झाली की टोकं पुन्हा तपासायची. ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या गिटारीत ती बाहेर येत नाहीत.